शेपटीवाले पाहुणे

खोली बघायला गेले तेव्हा सिस्टरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. गाव कुठलं, आडनाव काय, लग्न ठरलंय का, सुट्टीत घरी जाते का, असले सगळे प्रश्न मी कळंबमधल्या आधीच्या घरांतून झेलून आले होते. त्यांची उत्तरं वाटेतच, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, मनातल्या मनात तयार करून ठेवली होती. ती वाया गेली. कॉटवर एक भला मोठा पिवळा बोका पसरला होता. एका कानाचा तुकडा पडलेला. सिस्टर त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याला इचार. त्याला चाललं तर मला चालतंय."

मी कॉटच्या कडेला टेकले. बोक्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि परत मिटला.

"चाललं," असं म्हणून सिस्टरांनी किल्ली माझ्या हातात दिली.

ती माझी पहिलीच नोकरी. वडील बँकेत होते, त्यामुळे लहानपण धाराशिवला गेलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, फिजिओथेरपी पुण्यात. कळंबच्या एका हाडांच्या दवाखान्यात ऑपरेशन झालेल्या पेशंटना उठवायचं, बसवायचं आणि चालवायचं काम मला मिळालं होतं. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण घरात बोलायची मराठी वेगळी आणि वेदनेनं कावलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायची वेगळी. पहिल्याच सकाळी मी एका आजोबांना म्हटलं, "गुडघा एक्स्टेंड करा." आजोबांनी सुनेकडं पाहिलं, सुनेनं माझ्याकडं. तेवढ्यात मागून आवाज आला, "पाय लांब सोडा म्हणतीय ती."

मागं सिस्टर उभ्या होत्या. माझ्या घरमालकीणबाई याच दवाखान्याच्या इन्चार्ज आहेत हे मला तेव्हा कळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आमचं दोघींचं जमणार हे तिथंच ठरलं असावं.

सिस्टर उंच आणि काटकुळ्या होत्या. सरकारी नोकरीतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि छातीवर उलटं लावलेलं घड्याळ कायम असायचं. नऊवारी नेसून लग्नाला गेल्या तरी बूट तेच. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. त्यांचा सख्खा भाऊसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचा, आणि त्यात काही गंमत आहे हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं.

त्यांचं सगळ्या जगाशी बरं होतं, फक्त एका जातीशी वैर होतं: पेशंटला भेटायला येणारे पाहुणे. आमच्याकडं कुणी ॲडमिट झालं की अख्खी भावकी जीप करून येते. नारळपाणी, बिस्किटांचे पुडे, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: "कसं काय झालं वो?" पेशंट बिचारा पहिल्या पाहुण्याला पहिल्यापासून सांगतो. तो गेला की दुसरा येतो. संध्याकाळपर्यंत पाय मोडलेला माणूस तोच पाय पुन्हा पुन्हा मोडून दमलेला असतो. त्यात एखादा जाणकार हमखास निघतो. आमच्या साडूचंबी असंच झालतं, म्हणतो, आणि साडू कसा गेला ते तपशीलवार सांगतो.

यावर सिस्टरांनी उपाय काढला होता. प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी त्यांनी एक शाळेची पाटी टांगली होती. त्यावर त्या स्वतःच्या गोल अक्षरात हकीकत लिहून ठेवत. 'मोटारसायकलवरून पडले. म्हैस आडवी आली. म्हैस बरी आहे.' किंवा, 'माळ्यावरून डबा काढताना स्टूल सरकलं. डब्यात काही नव्हतं.' पाहुणा तोंड उघडायच्या आत सिस्टर पाटीकडं बोट दाखवत. वाचता न येणाऱ्याला स्वतः वाचून दाखवत आणि मग म्हणत, "झालं? आता बसा. बोलू नका."

पण माणूस बोलल्याशिवाय राहत नाही, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांचं ठाम मत झालं होतं की भेटायला येणाऱ्याला शेपूट असलं पाहिजे. शेपूटवाला पाहुणा काही विचारत नाही, साडूची गोष्ट सांगत नाही, बिल किती झालं म्हणत नाही. आला तर आला, नाही आवडलं तर उठून जातो. हे त्या इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला हसावं की मान हलवावी ते कळत नसे.

बोका रोज दुपारी चारनंतर राउंडला यायचा. त्याचं नाव तहसीलदार. उशिरा येतो, काही करत नाही आणि तरी सगळे नीट बसतात, म्हणून. सिस्टरांच्या भाजीच्या पिशवीत बसून तो यायचा आणि जनरल वॉर्डच्या दारात पिशवीतून उतरायचा. आधी ओल्या फडक्यानं त्याचे चारही पंजे पुसले जायचे. टाके काढायचे बाकी असलेल्या पेशंटकडं त्याला बंदी, ड्रेसिंगच्या खोलीकडं तर बघायचीही बंदी. ज्यानं त्याला हात लावला त्यानं साबणानं हात धुवायचे, आणि किती वेळ धुवायचे तर तहसीलदार जांभई देईपर्यंत. तो कधी कधी जांभई देतच नसे. मग एखादा ट्रॅक्टरवाला फेसाळलेले हात घेऊन बेसिनपाशी उभा आणि सगळा वॉर्ड बोक्याच्या तोंडाकडं बघतोय, असा देखावा असायचा. त्या वेळात कुणाला कण्हताना मी ऐकलं नाही.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना हे मान्य नव्हतं. जंतुसंसर्गाची त्यांची भीती खोटी नव्हती, हे सिस्टरही मानायच्या. पण डॉक्टरांची अडचण अशी की ते स्वतः सरकारी दवाखान्यात, सिस्टरांच्या हातावर जन्मले होते. वाद वाढला की सिस्टर एवढंच म्हणायच्या, "तू जलमला तेव्हा रडला न्हाईस. पहिली चापट म्या मारली. ध्यानात हाय का?" डॉक्टरांना ते ध्यानात असणं शक्य नव्हतं, पण ते गप्प बसायचे. शेवटी तह झाला. वॉर्डात फक्त तहसीलदार. बाकी जे कुणी येईल ते मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं जनरेटर आणि डॉक्टरांची बुलेट असायची.

बाकीचे म्हणजे पेशंटची स्वतःची जनावरं. सिस्टरांचं म्हणणं, उसना बोका किती दिवस पुरणार? ज्याचं त्याला भेटलं पाहिजे. शेडमध्ये मी एका आजींची शेळी पाहिली, एका मास्तरांचा कुत्रा पाहिला. तो मास्तरांना सोडून बुलेटच्याच प्रेमात पडला. खाटीक गल्लीजवळच्या एका चाचांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि त्यांचा जीव कबुतरांत अडकलेला. कबुतरांना शेडमध्येसुद्धा डॉक्टरांनी नकार दिला. तेव्हा सिस्टर समोरच्या कापडाच्या दुकानाच्या गच्चीवर गेल्या, दुकानदाराला चहा पाजायला लावून परवानगी काढली, आणि दुसऱ्या दिवशी चाचांच्या मिशाळ भाच्यानं तिथून खुराड्याचं दार उघडलं. चाचांची कॉट खिडकीशी ओढली होती. कबुतरं चकरा मारत होती आणि चाचा खिडकीतून ओरडत होते, "अरे उस काले कू बाद में छोडना था रे! सबकू बिगाड्या उन्ने!" भाच्याला काही ऐकू जात नव्हतं. चाचांचा राग बघून सिस्टर मला म्हणाल्या, "बघ, भूक लागल आता." आणि खरंच, त्या दिवशी चाचांनी डबा पुसून खाल्ला.

त्यांच्याबरोबर एकदाच एसटीनं धाराशिवला गेले. पिशवी त्यांच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय आहे. सिस्टर म्हणाल्या, "तहसीलदार." कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून तसाच उभा राहिला. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण अशा वेळी मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतं. तेवढ्यात पिशवीतून ते पिवळं डोकं बाहेर आलं आणि त्यानं कंडक्टरकडं त्याच्या नेहमीच्या तुच्छतेनं पाहिलं. काय झालं कोण जाणे, कंडक्टर शेजारच्या सीटवर बसला आणि येरमाळ्यापर्यंत बोक्याच्या कानामागं खाजवत राहिला. मधे कुणी चढलं तर बसूनच तिकीट फाडत होता. आम्ही उतरताना म्हणाला, "घरी लई कटकट हाय, मावशी." सिस्टरांनी त्याला काय कटकट आहे ते विचारलं नाही.

मलाही त्यांनी कधी विचारलं नाही. पण संध्याकाळी मी दवाखान्यातून आले की थोड्या वेळानं माझं दार ढकललं जायचं आणि तहसीलदार आत यायचा. तो आपोआप येतो असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग एकदा दाराच्या फटीतून पांढरा बूट दिसला, बोक्याला हळूच आत सरकवणारा. पुढं पुढं मीच स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. बोका मांडीवर, सिस्टर आत पाठमोऱ्या, काहीतरी चिरत. मी बोक्याला दिवसभराचं सांगायचे. एकदा मधेच थांबून मी विचारलं, "तुम्हाला डिस्टर्ब होतंय का?"

"मला?" त्या म्हणाल्या. "म्या कुठं ऐकतेय? तू त्याला सांग."

तात्यांचं मी असंच, बोक्यालाच सांगितलं होतं.

तात्या ईट गावाच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे मेंढपाळ. मेंढरांसाठी डहाळी तोडताना ओढ्याच्या दरडीवरून घसरले आणि खुबा मोडला. पाटीवर सिस्टरांनी लिहिलं होतं, 'दरडीवरून पडले. मेंढरं वर होती. सगळी बरी आहेत.' ऑपरेशन चांगलं झालं. पहिल्या दिवसांत ते माझ्याशी थोडं बोलतही होते. मग एकाएकी बंद झाले. जेवण परत जायला लागलं. मी वॉकर समोर धरला की भिंतीकडं तोंड करायचे. पायात जोर होता, ते मला हाताला कळत होतं. पण उठायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला उठवायचं तंत्र मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नव्हतं. डॉक्टर काळजीत होते. त्या वयात माणूस पडून राहिला की छाती भरते, पाठीला जखमा होतात, आणि मग घरी नेतात ते परत आणत नाहीत.

ते का बंद झाले हे दवाखान्यात फक्त मला माहीत होतं. मी शेजारच्या कॉटवर एका बाईंचे व्यायाम घेत होते. तात्यांचा थोरला मुलगा डबा घेऊन आला होता. बाप झोपलाय असं समजून तो फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. तात्या आता चालतील असं वाटत नाही, धाकट्याच्यानं एकट्यानं मेंढरं होत नाहीत, व्यापाऱ्याला येऊन बघून जायला सांग, म्हणत होता. तो वाईट मुलगा नव्हता. रोज डबा घेऊन यायचा. पण मी तात्यांच्या पापण्या बघत होते. ते झोपलेले नव्हते.

मी हे बोक्याला सांगितलं तेव्हा आतला चिरण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला.

तात्यांचे टाके निघाले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी तहसीलदार त्यांच्या कॉटवर ठेवला गेला. तात्यांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि चादर तोंडावर ओढून घेतली. बोका क्षणभर थांबला, मग उतरून चालता झाला. सिस्टरांना हे लागलं. तात्यांनी माणसांना परत पाठवलं असतं तर त्यांना आनंदच झाला असता, पण तहसीलदाराला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवसांत तात्या एका मेंढीचं सारखं नाव काढायचे, म्होरकी. सगळ्या कळपाच्या पुढं चालणारी, काळी, कपाळावर पांढरा ठिपका. सिस्टरांनी तिला आणायला रजा टाकली. माझीही परस्पर टाकली.

आम्ही जीपनं गेलो, पुढं पायी. वस्तीवर तात्यांची सून एकटीच होती. तिनं आधी चहा केला, मग भाकरी टाकते म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, भाकरी नको, म्होरकी द्या, संध्याकाळपर्यंत दाखवून परत पाठवते. सून एकदा आमच्याकडं बघे, एकदा रानाकडं. मग आत गेली आणि एक काळी मेंढी दावं धरून घेऊन आली. कपाळावर पांढरा ठिपका होता. परतीला सिस्टरांनी कॅनवाला दुधाचा पिकअप थांबवला. त्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या, मी मागं, कॅनांमध्ये, मेंढीच्या गळ्यात हात टाकून. माझ्या आईनं मला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर शाळेची फी परत मागितली असती.

वाटेत एक गोष्ट मला खुपत होती. चढवताना मेंढी मागचा डावा पाय टेकवायला कचरत होती. ताजं दुखणं नव्हतं, जुनं असावं. सबंध कळपाच्या पुढं चालणारी मेंढी लंगडी कशी? पण मेंढ्यांतलं मला काय कळतंय, असं म्हणून मी ते गिळलं. माझी सवयच ती.

दवाखान्यात बातमी आधीच पोचली होती. शेडमध्ये गर्दी. डॉक्टर हात मागं बांधून, आपण सहज आलोय असं दाखवत उभे. थोरला मुलगा डबा घेऊन दाराशी. आम्ही तात्यांना व्हीलचेअरवर बसवून आणलं. समोर मेंढी. सिस्टर तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या, चेहरा असा की जणू त्यांनीच तिला जन्म दिलाय.

"ओळखलं का, तात्या?"

तात्या बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मान फिरवली. गर्दीत कुणीतरी हळहळलं. एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

मी तात्यांचे हात बघत होते. खुर्चीच्या दांड्या त्यांनी इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटांची पेरं पांढरी पडली होती. गाठीभेटीत माणूस असं काही धरत नाही. आणि मला तो पाय आठवला. मी गुडघ्यावर बसले आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं, "तात्या, ही तुमची म्होरकी नाही का?"

"न्हाय," तात्या म्हणाले.

कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज बाहेर आला होता. तो घोगरा आला आणि मग थांबेना.

"ही लंगडी हाय, घरीच असती. म्होरकी इकली त्यांनी. इकली, आन् मला गप करायला ही धाडली. म्या काय आंधळा हाय व्हय? समदी इकली आसत्याल." आणि त्यांनी वॉकर ओढला. "मला घरी न्या. आत्ता न्या."

ते उठले. मी काखेत हात घातला, पण वजन माझ्यावर आलं नाही. "डावा पाय आधी, तात्या. आता जोर हातावर. आता उजवा." हे सगळं मी मराठीत बोलत होते आणि मनात आधी काही तयार करत नव्हते, हे मला नंतर कळलं.

इकडं एकच गलका. थोरला म्हणतोय, तात्या, कुणी काय इकलं न्हाय. सिस्टर मेंढीकडं बघतायत, तिनं फसवल्यासारखं. मेंढी वाळत टाकलेल्या चादरीचं टोक चघळतेय. सिस्टरांनी सुनेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सून म्हणाली, "मेंढरं रानात गेल्ती, म्होरकीबी गेल्ती. तुमी येवढ्या लांबून आलाव. रिकाम्या हातानं कसं लावून द्यावं? म्हणून घरात व्हती ती दिली. तीबी काळीच हाय की."

तिच्या आवाजात अपराध नव्हता. पाहुण्याला जे घरात आहे ते द्यायचं, एवढाच हिशोब.

"खोटं," तात्या म्हणाले. "धाकट्याला लावा."

धाकटा रानात होता. फोनवर वारा ऐकू येत होता.

"म्होरकीला दे फोन," तात्या म्हणाले.

"कुणाला?"

"म्होरकीला दे म्हनतोय ना."

धाकट्यानं दिला असावा, कारण आता नुसता वारा आणि कुठंतरी घुंगराचा आवाज. तात्या वॉकरवर वाकले, तोंड फोनजवळ नेलं आणि जीभ टाळूला लावून एक लांब, थरथरता आवाज काढला. आपल्या शेडमधली लंगडी मेंढी एकदम मान वर करून उभी राहिली. फोनमधून काही नाही. तात्यांनी परत तोच आवाज काढला. आणि तिकडून, अगदी मोबाइलला तोंड लावून, एक मोठी, नाकातली, रागावलेली हाक आली. बॅऽऽ. सगळे हसले, तात्या हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा बोलवलं, तिनं पुन्हा उत्तर दिलं. हे बराच वेळ चाललं. सगळ्यांचं लक्ष फोनकडं. मी मात्र तात्यांच्या पावलांकडं बघत होते. दोन्ही जमिनीवर सपाट होती. मी कुणालाच सांगितलं नाही, कारण कुणी "अरे, उभे राहिले!" म्हटलं असतं तर ते लगेच बसले असते. मी फक्त व्हीलचेअर पायानं हळूच त्यांच्या मागं आणून ठेवली.

फोन बंद झाल्यावर तात्या थोरल्याकडं वळले.

"येपाऱ्याला सांग," ते म्हणाले, "मालक उभा हाय."

बोलल्यावर त्यांनी स्वतःच खाली पाहिलं. आपल्या पायांकडं, मग वॉकरकडं, मग माझ्याकडं. मी दुसरीकडं बघितलं.

थोरल्यानं डबा खाली ठेवला. बापाकडं पाहिलं. मग त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, फोन काढला आणि व्यापाऱ्याला सांगितलं की येऊ नको, मालक घरी येतोय. तात्या आणखी थोडा वेळ उगाचच उभे राहिले. मग बसले आणि म्हणाले, "भाकरी हाय का त्या डब्यात?"

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसले होते, बोका मांडीवर. आज त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं, सगळं सगळ्यांनी पाहिलं होतं. आतून सिस्टर म्हणाल्या, "माझा नेम मोडलास तू आज. पेशंटला प्रश्न इचारलास."

"एकच विचारला," मी म्हटलं.

"तेवढा चालतोय." मग भांडं आपटल्यासारखं ठेवून म्हणाल्या, "एरवी तू बी मांजरासारखीच हायस. काय इचारत न्हाईस. म्हणून समदे तुला सांगत्यात." माझ्याविषयी कुणी इतकं चांगलं त्याआधी बोललं नव्हतं, आणि मी बोक्याच्या कानामागं खाजवत राहिले. चुकीची मेंढी आणल्याबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत. उलट पुढं एका नव्या पाहुण्याला ही गोष्ट सांगताना मी ऐकलं, त्यात लंगडी मेंढी आणणं हा उपचाराचाच भाग होता.

मी आता लातूरला मोठ्या हॉस्पिटलात असते. इथं भेटीच्या वेळेला पास लागतो आणि शेपूट असलेल्याला तो मिळत नाही. सिस्टर अधूनमधून फोन करतात, स्वतः बोलत नाहीत, तहसीलदाराच्या तोंडाशी फोन धरतात. तो घुरघुरतो. मी त्याला दिवसभराचं सांगते. पलीकडं काहीतरी चिरल्याचा आवाज येत असतो.

कळंब सोडायच्या थोडं आधी तात्या तपासणीला आले होते. हातात काठी, बरोबर पिकअपमध्ये खरी म्होरकी. तिला आणायचं काही कारण नव्हतं, पण आणली होती. तात्या आता फार बोलायला लागले होते. आल्या आल्या त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येक कॉटपाशी थांबून कसं काय झालं ते विचारलं, पाटी दाखवली तरी ऐकेनात, आणि आपण दरडीवरून कसे पडलो ते पहिल्यापासून सांगितलं. शेडमध्ये मनगट मोडलेल्या एक बाई होत्या, दोन दिवस गप्प असलेल्या. तात्या तिकडं वळले आणि म्हणाले, आमच्या पावण्यातल्या एका बाईचंबी असंच झालतं.

सिस्टरांनी म्होरकीचं दावं आपल्या हातात घेतलं, तिला त्या बाईंच्या शेजारी नेऊन उभं केलं आणि मला म्हणाल्या, "मेंढीला राहू दे. तात्याला भाईर बसव."